कंटेनर खरंच नाही, की नुसता दिसत नाही? मोबाइल अ‍ॅपमधून अ‍ॅझूरची तपासणी

खानापूर तालुक्यातल्या दूध संकलनाच्या पावत्यांचे फोटो अ‍ॅझूर ब्लॉब स्टोरेजवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर फाइली ठेवायची सेवा) चढवणारं एखादं अ‍ॅप घ्या. चढवण्याआधी कंटेनर (तिथला फाइली ठेवायचा कप्पा) आहे का, हे विचारायला कोडची एक ओळ पुरते. घोळ होतो तो उत्तराचा अर्थ लावताना.

आधी नाव तपासा. 3 ते 63 अक्षरं, फक्त लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि हायफन. सुरुवातीला, शेवटी किंवा लागोपाठ दोन हायफन नकोत. अंडरस्कोअर, मराठी, कन्नड चालत नाही, 400 (विनंती चुकीची) हा एरर कोड येतो. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगाव शहराचं सरकारी इंग्रजी नाव बदललं. कंटेनर 'बेलगाम' स्पेलिंगने काढलेला, कोडमध्ये 'बेलगावी'. दोन्ही नावं नियमात बसतात, उत्तर मात्र 404, म्हणजे 'सापडलं नाही'. नाव टाइप करू नका, पोर्टलवरून कॉपी करा.

मग परवानगी. अकाउंटची की (गुप्त किल्ली) अ‍ॅपमध्ये ठेवली तर एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) उघडून कुणीही काढेल. तुमच्या सर्व्हरवरून तासाभराची अकाउंट सॅस (ठरावीक वेळेपुरता परवानगीचा टोकन) द्या: सेवा ब्लॉब, रिसोर्स टाइप कंटेनर, परवानगी रीड. ऑब्जेक्टवर टिक नको, नाहीतर सगळ्या कंटेनरांतल्या फाइली वाचता येतील. एकाच कंटेनरची सर्व्हिस सॅस इथे चालत नाही, 403 (परवानगी नाही) मिळतो. बरेच जण इथेच अडकतात. सॅसची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. सकाळी 10 म्हणजे तिथे 4:30. भारतीय वेळ तशीच लिहिली तर सॅस साडेपाच तास उशिरा सुरू होते. सुरुवातीची वेळ रिकामी सोडलेली बरी.

आता अ‍ॅझूरच्या लायब्ररीतल्या कंटेनर क्लायंटचं 'एक्झिस्ट्स' फंक्शन बॅकग्राउंड थ्रेडवर चालवा. स्क्रीन सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवर चालवलं तर अँड्रॉइड अ‍ॅप बंद पाडतं. 200 आला तर कंटेनर आहे, 404 आला तर नाही. बाकी सगळं एक्सेप्शन म्हणून पकडा, त्याला 'नाही' समजू नका. सॅस जोडायची राहिली तर खासगी कंटेनर असूनही 404 येऊ शकतो. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज गेली की टाइमआउट होतो; तेव्हा फोटो फोनमध्येच ठेवा, रेंज आल्यावर पुन्हा विचारा. टाइमआउटला 'नाही' धरून अ‍ॅप नवा कंटेनर काढायला गेलं तर भलतीच चूक दिसते आणि शोध चुकीच्या जागी सुरू होतो.

कंटेनर नुकताच डिलीट केला असेल तर त्याच नावाने नवा काढताना किमान 30 सेकंद 409 (जुना अजून पुसला जातोय) येतो. थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करा.