भुलीनंतर डोळे पिवळे दिसले तर
सर्जिकल वॉर्डात नर्स म्हणून मी एक सवय लावून घेतलीय. टाके बघण्याआधी पेशंटला खिडकीपाशी न्यायचं, वर बघायला सांगून खालची पापणी ओढायची. ट्यूबलाइटखाली डोळ्यातला फिकट पिवळेपणा चकवतो, दिवसाच्या उजेडात लपत नाही. घरी गेल्यावर दोन आठवडे तुम्हीही रोज बघा.

भुलीच्या वायूने यकृताला इजा होणं दुर्मिळच. पण ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, कोऱ्या चहासारखी लघवी असेल तर त्याच दिवशी एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन (यकृताच्या रक्तचाचण्या) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी) करून घ्या. आयएनआर वाढला किंवा पेशंट असंबद्ध बोलू लागला तर थेट दवाखाना गाठा.

चालू गोळ्या सगळ्या सांगा, पॅरासिटामॉलसुद्धा. विषाणूंची कावीळ, ऑपरेशनमध्ये उतरलेलं बीपी हेही तपासावं लागतं; एकाच चाचणीने निदान होत नाही.

१९५६ पासून वापरात आलेल्या हॅलोथेन या भुलीच्या वायूचं शरीरात सुमारे २० टक्के विघटन होतं, सेव्होफ्लुरेन या वायूचं ३ ते ५, डेसफ्लुरेनचं जेमतेम ०.०२. यकृताला धोकाही वायूगणिक वेगळा, म्हणून डिस्चार्ज कार्डावर वायूचं नाव लिहून घ्याच. हॅलोथेनने एकदा कावीळ झाली असेल तर दुसरी वेळ जिवावर बेतू शकते. पुढच्या ऑपरेशनआधी ते कार्ड भूलतज्ज्ञांच्या हातात द्या.