पक्ष्यांच्या शिकारीसाठी हलकी आणि स्वस्त बंदूक घ्यायचीये?

हे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे हं, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे हौसेची शिकार बंद, तिथे हे डोकं लावू नका. आणि एच-वन-बी वर असाल तर नुसत्या व्हिसावर बंदूक मिळत नाही, पण कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर फेडरल कायद्यात सूट आहे, दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरताना ते दाखवायचं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. राज्याचे नियम वेगळे, ते आधी बघा.

आता बंदूक. साउथ डकोटात फेझंटच्या (कोंबडीएवढा रानपक्षी) मागे दिवसभर गवतातून चालायचं असतं आणि बार टाकायची वेळ येते फार तर पाच-सहादा, म्हणजे बंदूक मारण्यापेक्षा वाहायचीच जास्त. १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) पंप, म्हणजे पुढची मूठ मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरायची बंदूक, साधारण सव्वातीन किलो भरते, दुपारनंतर हात बोलायला लागतात. म्हणून २० गेज घ्या. गेजचा आकडा वाढला की नळी बारीक होते, उलटं आहे ते, पहिल्यांदा सगळेच गोंधळतात.

सगळ्यात स्वस्त आणि हलकी म्हणजे एकनळी, अडीच किलोच्या आसपास. पण हलकी बंदूक खांद्याला लाथ जोरात मारते, वजनच नाही तर धक्का झेलणार कोण? शिवाय पायाखालून फेझंट फडफडत उडाला की एकच बार, चुकला की बघत बसा. माझं मत विचाराल तर जुनी, वापरलेली २० गेज पंप घ्या, मॉसबर्ग ५०० किंवा रेमिंग्टन ८७०, या इतक्या खपल्यात की पार्ट कुठेही मिळतात.

जुनी घेताना ती रिकामी असल्याची आधी खात्री करा, मग नळी काढून उजेडाकडे धरून आतून बघा, गंज किंवा पोचा दिसला तर सोडून द्या. डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग उघडा, नजर सरळ नळीवर आली पाहिजे, मान वाकडी करावी लागली तर दस्ता तुमच्या मापाचा नाही, कितीही स्वस्त असू दे.

छर्रे फेझंटला ५ किंवा ६ नंबर, होल्याला साडेसात-आठ. बदकांना शिसं चालत नाही, १९९१ पासून देशभर बंदी आहे, स्टील घ्या. होला-बदकांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत, म्हणून मॅगझिनमध्ये (काडतुसं साठवायची नळी) प्लग, म्हणजे जागा अडवणारी दांडी, टाकतात, जुन्या बंदुकीत तो बऱ्याचदा काढून टाकलेला असतो.

आणि घरात १२ गेज पण असेल तर दोन्हीची काडतुसं एका खिशात कध्धीच ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, आपल्याला वाटतं रिकामी आहे, मागून १२ चं भरलं आणि चाप ओढला की नळी फुटते. २० ची काडतुसं पिवळी करतात ती यासाठीच.