अमेरिकेत इम्प्लांट बिघडलं, तर आधी तारीख बघा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे घरून सोबत आलेलं वाक्य इथे आपल्या माणसांना फार महागात पडतं. शरीरात बसवलेला कृत्रिम भाग, म्हणजे इम्प्लांट, बिघडतो; बदललेला खुबा दुखतो, त्याच्या धातूतलं कोबाल्ट रक्तात वाढल्याचा रिपोर्ट येतो, तरी ‘दुसरं ऑपरेशन होऊ दे, मग बघू’ म्हणत वर्ष निघून जातं. टेनेसी आणि केंटकीत कंपनीवर भरपाईच्या दाव्याची मुदतच 1 वर्षाची आहे! न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय, टेक्सस, कॅलिफोर्निया इथे 2 वर्षं, न्यू यॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 3.

ही मुदत दुसऱ्या ऑपरेशनपासून मोजत नाहीत. बहुतेक राज्यांत इजा आणि तिचं कारण तुम्हाला कळलं, किंवा कळायला हवं होतं, त्या दिवसापासून मोजतात. कंपनीचे वकील नेमकं या ‘हवं होतं’वर बोट ठेवतात. रिकॉलचं, म्हणजे कंपनीने माल परत मागवल्याचं पत्र, रक्ताचा रिपोर्ट, ‘इम्प्लांटमुळे असावं’ असा हॉस्पिटलच्या ऑनलाइन पोर्टलवरचा डॉक्टरांचा एका ओळीचा निरोप, यातली सगळ्यात जुनी तारीख धरा. शिवाय टेनेसीत वस्तू प्रथम विकत घेतल्यापासून 10 वर्षं आणि टेक्ससमध्ये विक्रीपासून 15 वर्षं ही वेगळी कमाल मर्यादा आहे. ती उलटली की दुखणं उशिरा कळलं हे कारण सहसा चालत नाही. नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात गेलात म्हणून नवी मुदत मिळत नाही.

सगळ्यात जास्त घात होतो तो इथे: टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला, वकिलाचा करार सही केला, म्हणजे दावा दाखल झाला असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. कोर्टाचा शिक्का आणि केस नंबर असलेली दाव्याची प्रत हातात येईपर्यंत मुदत चालूच आहे असं धरा. प्रत मागा, दर महिन्याला मागा. मागायला संकोच करू नका. आपल्याकडच्या भिडस्तपणाने इथे चांगले दावे बुडतात.

‘एमडीएल (एकाच उत्पादनावरचे अनेक दावे एकत्र हाताळणं) चालू आहे’ या भरवशावरही राहू नका. फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टांतले दावे पूर्वतयारीसाठी एका न्यायाधीशाकडे आणतात: 2010 साली परत मागवलेल्या डीप्यू कंपनीच्या एएसआर खुब्याचे टोलेडोला, त्याच कंपनीच्या पिनॅकल खुब्याचे डॅलसला, बार्ड कंपनीच्या हर्निया जाळीचे कोलंबसला गेले. पण प्रत्येकाचा दावा स्वतंत्र असतो. दुसऱ्याने केस टाकल्याने तुमची मुदत थांबत नाही.

कोर्टही मनाला येईल ते निवडता येत नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या निकालानंतर साधारणपणे दोनच जागा उरतात: जिथे इम्प्लांट बसवलं ते राज्य, किंवा कंपनीचं स्वतःचं राज्य. कंपनी परराज्यातली आणि रक्कम 75,000 डॉलरच्या वर असेल, तर समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत ती केस फेडरल कोर्टात नेऊ शकते. व्हिसा कुठला आहे याने दाव्याचा हक्क जात नाही.

ऑपरेशनच्या कागदांत एका पानावर इम्प्लांटच्या खोक्यावरची स्टिकरं चिकटवलेली असतात. त्यावरचे रेफ (मॉडेलचा) आणि लॉट (उत्पादनाच्या खेपेचा) क्रमांक मिळाल्याशिवाय कंपनी कोणती हेच सांगता येत नाही, म्हणून ते पान आजच मागवा. काढलेलं इम्प्लांट जपून ठेवा, असं हॉस्पिटलला ऑपरेशनआधी लेखी कळवा. ते कंपनीच्या माणसाच्या हाती देऊ नका आणि त्यांच्या फॉर्मवर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आई-वडिलांचं ऑपरेशन पुण्या-मुंबईत झालं असेल, तर अमेरिकी कोर्ट बहुधा भारतातच जा म्हणतं. तिथे ग्राहक आयोगाची मुदत 2 वर्षं, आणि तक्रार ते राहतात त्या जिल्ह्यातही करता येते. जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग हे भरपाईच्या मागणीवरून नाही, प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवरून ठरते. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. म्हणून हॉस्पिटलच्या मूळ पावत्या फाइलमध्ये हव्यात.