मानेवरच्या पुळ्या आणि उलटा रेझर

सातपूरला कंपनीत लागल्यापासून रोज गुळगुळीत दाढी. दोन-तीन महिन्यांत हनुवटीखाली, मानेवर लाल पुळ्या. उष्णता असेल म्हणून आईने सब्जा सुरू केला. पोट छान झालं, मान तशीच! एक दिवस एका पुळीत गुंडाळलेला काळा केस दिसला, तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

माझे केस कुरळे. तीन पात्यांचा रेझर कातडी ताणून उलटा फिरवला की केस त्वचेच्याही खाली कापला जातो, टोक अणकुचीदार होतं आणि वाढताना वळून आतच घुसतं. वर मी शहाणा चिमट्याने उकरायचो. त्याचे दोन डाग अजून आहेत.

कॉलेज रोडच्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी महिनाभर रेझर बंद करायला लावला. फक्त ट्रिमर, १ मिलिमीटर खुंट ठेवून. साहेबांनी नाक मुरडलं, मुरडू दे. सकाळ-संध्याकाळ कोमट ओल्या फडक्याचा दहा मिनिटं शेक, एक दिवसाआड रात्री मानेवर २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड, म्हणजे मृत त्वचा काढणारं औषध. केसाचा फास वर दिसला तर निर्जंतुक सुईने नुसता उचलायचा, उपटायचा नाही. पू किंवा ताप आला तर मात्र थेट त्यांच्याकडे.

आता अंघोळीनंतर, जेल लावून, एका पात्याने, केसांच्या दिशेने. ही दिशा बोट फिरवून आधी बघा. माझ्या मानेच्या डाव्या बाजूचे केस चक्क आडवे वाढतात, हे मला तिशीत कळलं.