काढलं तरी परत येणारं एक्स्टेंशन

पंखा उगाच घरघरायला लागला तेव्हा आधी धुळीवर संशय घेतला. मग ब्राउझरचं सर्च इंजिन आपोआप बदललं आणि कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात 5 व्हायरस' असे इशारे यायला लागले. ते इशारे मात्र नुसती वेबसाइटची नोटिफिकेशन्स होती. मीच कधीतरी 'अलाव' दाबलं असणार. ब्राउझरच्या सेटिंगमधून परवानगी काढली, ते थांबले.

खरं दुखणं वेगळं होतं. एक अनोळखी एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, काढलं की रीस्टार्टनंतर पुन्हा हजर! इंटरनेट बंद केलं आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यातल्या स्टार्टअपच्या, म्हणजे संगणकासोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत काहीच वावगं नाही. शेवटी टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीत, चोर सापडला: 'अपडेटर' अशा साळसूद नावाची नोंद, जी लॉगिन केल्यावर ॲपडेटा (प्रोग्रॅम आपली माहिती ठेवतात त्या) फोल्डरमधली एक फाइल चालवायची. फाइलची तारीख पाहिली तर मी फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर टाकला तोच दिवस.

कन्व्हर्टर अनइन्स्टॉल केला, ती नोंद पुसली, मग विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन लावलं. यात संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे मालवेअरला लपायला जागा कमी उरते. साधारण 15 मिनिटं लागली. त्यानं आणखी एक फाइल पकडली. मग ब्राउझर रीसेट.

पासवर्ड बदलले ते मोबाइलवरून, ईमेलचा सगळ्यात आधी. पंखा आता गप्प आहे. धूळ मात्र अजून तशीच आहे.