किटमधलं यान पडद्यावर खेळणं का वाटतं? घरच्या चित्रीकरणात या चुका टाळा

1968 च्या '2001: अ स्पेस ओडिसी'साठी बनवलेलं डिस्कव्हरी यानाचं मोठं मॉडेल 54 फूट लांब होतं. 1977 च्या 'स्टार वॉर्स'मध्ये सुरुवातीलाच डोक्यावरून सरकत जाणारं अजस्र जहाज मात्र जेमतेम 3 फुटांचं. पडद्यावर दोन्ही तितकीच अवाढव्य वाटतात. म्हणजे मॉडेल लहान असणं ही अडचण नाही. अडचण येते ती रंगाची चकाकी, मऊ सावली, धूसर झालेली पार्श्वभूमी किंवा झटकन वळणारं नाक अशा एखाद्या खुणेतून खरं माप फुटतं तेव्हा. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका याच एका गोष्टीच्या आहेत.

सुटे भाग चिकटवताना

रणगाडे, विमानं, ट्रक यांच्या जोडून बनवायच्या प्लास्टिक मॉडेल किटमधले उरलेले भाग यानाच्या अंगावर चिकटवून तपशील उभा करायची पद्धत जुनी आहे आणि आजही तिच्याइतकी स्वस्त दुसरी नाही. पण हाताला लागेल तो भाग सगळीकडे सारखा चिकटवला की यान कचऱ्याच्या ढिगासारखं दिसतं. खाचा, कडेच्या पट्ट्या आणि इंजिनाचा परिसर दाट भरा, मोठे पृष्ठभाग मोकळे ठेवा. मोकळ्या जागेमुळेच दाट जागा बारीक वाटते आणि बारीक तपशिलामुळे यान मोठं वाटतं.

रणगाड्याचं चाक चाक म्हणून ओळखू आलं तर खेळ संपला. ते अर्धं कापा, उलटं लावा किंवा वर पट्टी टाका. मापाचा हिशेबही करत राहा. 1/72 मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलवर, 1 मिमी जाडीचा पत्रा म्हणजे 7.2 सेंमी जाडीची भिंत आणि 0.5 मिमी रुंद कोरलेली रेघ म्हणजे साडेतीन सेंमीहून मोठी फट. कडांना 0.25 किंवा 0.5 मिमीचं प्लास्टिक शीट वापरा आणि रेघा सुईने हलक्या ओढा. सगळं चिकटवून झालं की आधी एकाच राखाडी प्रायमरचा हात द्या. वेगवेगळ्या रंगांचं प्लास्टिक डोळ्याला फसवतं. कुठे गर्दी झाली आणि कुठे ओकंबोकं राहिलं, ते एकरंगी झाल्यावरच कळतं.

रंग आणि आतले दिवे

चकाकणारा रंग सगळ्यात आधी माप फोडतो, कारण त्यात खोलीतला दिवा आणि खिडकी यांचं प्रतिबिंब पडतं. शेवटचा हात मॅट वार्निशचाच हवा. मूळ राखाडीत थोडा पांढरा, थोडा काळा, थोडा निळा मिसळून तीन-चार छटा करा आणि काही चौकोन त्या छटांनी रंगवा. फरक जवळून जेमतेम जाणवावा, एवढाच.

एनॅमलवर (सावकाश वाळणारा तेलकट रंग) लॅकर (थिनर उडून झटपट वाळणारा रंग) स्प्रे मारला की खालचा थर सुरकुततो. क्रम उलटा ठेवा, आधी लॅकर आणि नंतर एनॅमल. गाड्यांचा प्रायमर एकदम जाड मारला तर त्यातलं थिनर पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, चावतं आणि बारीक भेगा पडतात. 25 सेंमी अंतरावरून तीन पातळ हात द्या. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. पाऊस उघडेपर्यंत थांबणं हाच खरा उपाय.

आत एलईडी बसवणार असाल तर बाहेरचा रंग द्यायच्या आधी आतून काळा रंग द्या, आणि काळ्यावर पांढरा किंवा चंदेरी. काळ्याने भिंतीतून झिरपणारा उजेड थांबतो, पांढऱ्याने आतला उजेड पसरतो. हे विसरलात तर अंधारात सगळं यान कंदिलासारखं पेटतं, आणि तोवर किट बंद झालेलं असतं. 9 व्होल्टच्या बॅटरीवर एक पांढरा 3 मिमी एलईडी लावायचा तर 390 किंवा 470 ओहमचा रेझिस्टर पुरतो. रेझिस्टरशिवाय जोडलेला एलईडी क्षणात जळतो. खिडक्यांसाठी 0.25 किंवा 0.5 मिमीचा प्लास्टिकचा ऑप्टिकल फायबर वापरा, पण तो फेविक्विकने चिकटवू नका. तो ठिसूळ होऊन मुळाशी मोडतो. पांढरा फेविकॉल लावा आणि रात्रभर वाळू द्या. कॉकपिटच्या काचेलाही हेच लागू आहे. फेविक्विकच्या वाफेने काच आतून धुरकट होते आणि ती पुसता येत नाही.

प्रकाश: सर्वांत महाग पडणारी चूक

रिंग लाइट, सॉफ्टबॉक्स, ट्यूबलाइट. माणसाचा चेहरा खुलवायला हे उत्तम, अवकाशयानाला घातक. पृथ्वीवरून सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून उन्हातली सावली धारदार असते. तुमचा दिवाही मॉडेलच्या जागेवरून तेवढाच दिसला पाहिजे. हिशेब सोपा आहे: 3 मीटर अंतरावर 2.6 सेंमी व्यासाचा दिवा अर्धा अंश भरतो. म्हणजे लहान तोंडाचा एक दमदार एलईडी टॉर्च, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तोच टॉर्च अर्ध्या मीटरवर आणला तर तो तीन अंश भरतो, सावलीची कड पसरते, शिवाय यानाचं नाक शेपटीपेक्षा उजळ दिसतं. सूर्य असा नसतो.

एकच दिवा ठेवा. काळी बाजू पूर्ण बुडत असेल तर तळहाताएवढा पांढरा कार्ड दूर उभा करा, दुसरा दिवा लावू नका. मागे काळा कार्डशीट नको, तो राखाडी दिसतो. काळी मखमल लावा.

दिव्याची लुकलुक ही वेगळी कटकट. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी बल्ब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. नेहमीच्या वेगाच्या चित्रीकरणात शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवलं की भागतं. स्लो मोशनमध्ये मात्र पट्टे आणि फडफड दिसणारच. तिथे बॅटरीवरचा दिवा वापरा, आणि मंद करायचं बटण न दाबता पूर्ण तेजावर. बरेच टॉर्च मंद होताना प्रत्यक्षात झपाट्याने चालू-बंद होत असतात.

कॅमेरा

पोर्ट्रेट किंवा सिनेमॅटिक मोड बंद करा. पार्श्वभूमी धूसर झाली की डोळ्याला लगेच कळतं की वस्तू हातभर अंतरावर आहे. शंभर मीटरचं जहाज टोकापासून टोकापर्यंत स्पष्टच दिसायला हवं. डीएसएलआरवर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) f/16 पर्यंत बारीक करा, ISO (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) 100 ठेवा आणि शटर एक-दोन सेकंद उघडं राहू द्या. त्याहून बारीक छिद्र केल्यास सगळीच प्रतिमा मऊ होऊ लागते. फोनचा सेन्सर लहान असल्याने त्यात खोलवर स्पष्टता आपोआप मिळते, आणि या एका बाबतीत फोन महागड्या कॅमेऱ्याला भारी पडतो. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा, नाहीतर दर फ्रेमला रंग बदलेल. डीएसएलआरवर सगळं मॅन्युअल असूनही फ्रेमगणिक उजेड किंचित हलत असेल तर छिद्र दरवेळी नेमकं तेवढंच मिटत नाही, असं समजा. हाताने छिद्र फिरवायची जुनी लेन्स लावली की हा त्रास जातो.

यान नव्हे, कॅमेरा हलवा

दोऱ्याला टांगलेलं यान झुलतं, थरथरतं आणि हलकं वाटतं. मॉडेल एका जाड सळईवर घट्ट बसवा. सळई कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने आत घाला आणि कॅमेरा रुळावर सरकवा. ड्रॉवरच्या चॅनेलची जोडी, वर प्लायचा तुकडा आणि त्याला पुढे ढकलणारा एक मीटरचा M6 आट्यांचा रॉड, एवढं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. M6 चा साधा आटा 1 मिमीचा असतो, म्हणजे एक फेरा फिरवला की कॅमेरा बरोबर 1 मिमी सरकतो. 10 सेकंदांच्या शॉटला सेकंदाला 24 च्या हिशेबाने 240 फ्रेम लागतात. दर फ्रेमला दोन फेरे दिले तर प्रवास 48 सेंमी.

एकसारखे दोन फेरे पहिल्याच फ्रेमपासून देणं ही इथली ठरलेली चूक. अवजड वस्तू झटक्यात सुटत नाही आणि झटक्यात थांबत नाही. पहिल्या डझनभर फ्रेममध्ये पाव फेऱ्यापासून हळूहळू दोन फेऱ्यांवर या, शेवटी तसेच उतरा. नट आणि आट्यात थोडी ढिलाई असतेच, म्हणून रॉड कायम एकाच दिशेने फिरवा आणि कॅमेऱ्याखालच्या प्लायच्या तुकड्याला दोरीने एक वजन लटकवून ताण द्या. चुकून पुढे गेलात तर दोन-तीन फेरे मागे जाऊन पुन्हा पुढे या.

प्रत्येक थांब्यावर तीन फोटो घ्या: पहिला फक्त टॉर्चवर, दुसरा फक्त यानाच्या आतल्या दिव्यांवर, तिसरा यान अंधारात ठेवून मागच्या उजळ पांढऱ्या कागदासमोर. कागद मखमलीपुढे वरून सोडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा, यानाला धक्का न लावता. पहिले दोन संगणकावर एकमेकांवर मिळवले की इंजिनाचं तेज हवं तेवढं ठेवता येतं. एकाच फोटोत दोन्ही धरायला गेलं की एकतर इंजिनं पांढरी फुटतात, नाहीतर खिडक्या दिसतच नाहीत. तिसऱ्या फोटोतली काळी छाया हा तुमचा मुखवटा, म्हणजे यानाचा आकार पार्श्वभूमीतून वेगळा कापायचा साचा. तो असला की संगणकावर मागे टाकलेले तारे यानाच्या अंगातून आरपार दिसत नाहीत आणि हिरवा पडदाही लागत नाही. हिरवा पडदा वापरलाच तर मॉडेलपासून निदान दीड मीटर मागे ठेवा, नाहीतर राखाडी रंगावर हिरवी झाक चढते.

स्लो मोशन कुठे लावायचं

अवकाशात तरंगणाऱ्या यानाला स्लो मोशनची गरज नाही, कॅमेरा हळू सरकवला की पुरे. गरज पडते गुरुत्वाकर्षण दिसतं तिथे: कोसळणारा मनोरा, उडणारी धूळ, उतरताना आपटलेलं यान. 10 सेंमीवरून पडायला वस्तूला सेकंदाचा सातवा भाग लागतो. 1/72 मापात ती उंची 7.2 मीटर, आणि तेवढ्यासाठी सुमारे 1.2 सेकंद दिसायला हवेत. म्हणून वेळ मापाच्या वर्गमुळाने ताणायचा. 72 चं वर्गमूळ साधारण साडेआठ. फोनवर सेकंदाला 240 फ्रेमने घेऊन 30 ने चालवलं की आठपट मिळते, म्हणजे 1/64 ते 1/72 च्या किटला हे बरोबर बसतं. 120 फ्रेमची चारपट 1/16 मापाला जुळते, 1/72 ला नाही. ते पडताना नेहमी खेळण्यासारखंच पडेल. 240 फ्रेमला उजेड दसपट लागतो, तेव्हा हे शॉट दुपारच्या उन्हात गच्चीवर घ्या. कॅमेरा जमिनीपासून दोन सेंमीवर ठेवा, 1/72 च्या माणसाचे डोळे तिथेच असतात.

धुळीसाठी वाळू नको, तिचा कण मोठा. वस्त्रगाळ मुलतानी माती पूर्ण कोरडी करून वापरा. हॉलिवूडमध्ये ज्याला फुलर्स अर्थ म्हणतात ती हीच. पीठ किंवा कॉर्नफ्लोअर ज्योतीजवळ कधीही उडवू नका, हवेत तरंगणारं पीठ भडका घेतं. फटाके आणि जळतं प्लास्टिकही नको. ज्योत आणि पाण्याचा थेंब लहान करता येत नाहीत, त्यामुळे धोका पत्करूनही शॉट खोटाच दिसतो.

पाण्यातले ढग

1977 च्या 'क्लोज एन्काउंटर्स'मधले उकळणारे ढग टाकीतल्या पाण्यात रंग सोडून केले होते. घरी दोन फुटी फिश टँक चालतो. खालच्या अर्ध्यात, म्हणजे साधारण 25-30 लिटरमध्ये, किलोभर मीठ विरघळवा. त्यावर पातळ प्लास्टिक पसरून वर हळूहळू गोडं पाणी ओता आणि प्लास्टिक एका कडेने सावकाश काढून घ्या. गोड्या थरात सोडलेला रंग खाऱ्या थरावर येऊन अडतो आणि आडवा पसरतो. ढगांचा सपाट तळ मिळतो तो असा.

बारीक टेबल मीठ टाकलं की पाणी गढूळ होतं, त्यात गुठळ्या न होण्यासाठी मिसळलेली पूड असते. खडे मीठ घ्या, वेगळ्या भांड्यात विरघळवून दुपदरी फडक्यातून गाळा. नळाचं ताजं पाणी वापरलं तर काचेवर बुडबुडे जमतात, ते एक दिवस उघडं ठेवून वापरा. पांढरा पोस्टर कलर दुधाइतका पातळ करा आणि सिरिंजला बारीक नळी लावून सोडा. सिरिंजमधली हवा आधी काढा, कारण एक बुडबुडा सुटला तरी तो वर जाताना दोन्ही थर ढवळून टाकतो. प्रकाश बाजूने किंवा वरून द्या, समोरून दिला तर काचेत कॅमेराच दिसेल. एका भरणीत दोन-तीन शॉट निघतात, मग पाणी धूसर होतं आणि टाकी पुन्हा भरावी लागते. म्हणून रंग सोडण्याआधी फोकस टाकीच्या मधोमध धरलेल्या पट्टीवर लावून लॉक करा आणि पट्टी हळूच बाहेर काढा.