झोन दिसला की लगेच खूश होऊ नका: आफ्रिकन औषधी झाडांचे अर्क लॅबमध्ये तपासताना या चुका टाळा

दक्षिण आफ्रिका, नायजेरिया, घाना, इकडच्या पारंपरिक औषधांवरचे पेपर चाळायला घेतले की तोच फोटो सारखा दिसतो, अगारची (जंतू वाढवायच्या जेलीची) प्लेट, त्यावर अर्क लावलेल्या कागदाच्या डिस्क आणि भोवती जंतू न वाढलेला स्वच्छ गोल, हाच तो झोन. खाली लिहिलेलं असतं की अमुक पानाचा झोन 18 मिमी, तमुक सालीचा 11, म्हणजे पान भारी. अहो पण झोन केवढा येणार हे निम्मं तर तो पदार्थ अगारमधून किती पसरतो यावरच ठरतं ना! अगार म्हणजे जवळपास पाणीच, त्यात पाण्यात विरघळणारी संयुगं आरामात पसरतात आणि तेलकट, पाण्याशी न जमणारी डिस्कलाच चिकटून बसतात, मग ती कितीही जालीम असोत. त्यात अर्क आंबट असला तर आणखी गोंधळ. सेनेगलमध्ये बिसाप आणि इजिप्तमध्ये करकदे म्हणून पितात ती लाल अंबाडी, आपल्याकडेही सरबत करतात तिचं, तिचा दाट अर्क नुसत्या आंबटपणानेच बऱ्याच जंतूंना नकोसा होतो. पीएच मोजा, न्यूट्रल करून परत लावा आणि मग बोला.

त्यापेक्षा सरळ 96 वेल, म्हणजे छोटे खळगे, असलेली प्लेट वापरा. प्रिटोरिया विद्यापीठातल्या एलॉफ यांनी 1998 मध्ये मांडलेली पद्धत आजही बऱ्याच लॅबमध्ये चालते आणि स्वस्तही आहे. प्रत्येक वेलमध्ये 100 मायक्रोलिटर पाणी, पहिल्यात 10 मिग्रॅ/मिली अर्क तेवढाच, मग निम्मं निम्मं करत खाली जायचं, वर 100 मायक्रोलिटर जंतू, इन्क्युबेट केल्यावर (जंतू वाढायला उबेत ठेवल्यावर) आयएनटी नावाचा रंग टाकायचा. जंतू जिवंत असले की वेल गुलाबी-लाल, नसले की रंगच येत नाही. इथे लोक जी काटकसर करतात ती नडते, कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, ओळी गाळतात. नुसत्या सॉल्व्हंटची (अर्क ज्यात विरघळवला त्या द्रवाची) एक ओळ हवीच, कारण अर्क असिटोनमध्ये असेल तर वरच्या हिशेबाने पहिल्या वेलमध्ये शेवटी 25 टक्के असिटोन बसतं, मग जंतू अर्काने मेले का असिटोनने हे कसं सांगणार? दुसरी ओळ अर्क आहे पण जंतू नाहीत अशी, कारण काही अर्क स्वतःच आयएनटीला लाल करतात. आणि जेन्टामायसिनसारखं माहितीतलं अँटिबायोटिक, तेही एटीसीसी 25922 सारख्या (एटीसीसी हा जंतूंचा संग्रह, पुढे त्यातला नंबर) ठरलेल्या ई. कोलाय जंतूवर, नाहीतर त्या दिवशी प्लेट नीट चालली का हे कळायला मार्गच नाही.

जंतू थांबवणाऱ्या कमीत कमी मात्रेचा आकडा आला की तोही जरा डोळे उघडे ठेवून बघा. 8 मिग्रॅ/मिलीला जंतू थांबले म्हणून 'प्रभावी' लिहू नका, एवढं दाट केलं तर कशानेही काहीतरी थांबतंच. कच्च्या अर्कासाठी 1 मिग्रॅ/मिलीच्या वर असेल तर गप्प बसलेलं बरं.

आता सॅम्पल. जोहान्सबर्गच्या फॅरेडे बाजारात किंवा डर्बनच्या वॉरविकला साली आणि मुळं तुकडे करून विकतात, पान नाही, फूल नाही, नुसतं स्थानिक नाव. त्यावरून झाडाची जात ठरवून थीसिस लिहिला तर पुढचं सगळं हवेत. झाडावरून स्वतः गोळा करा, हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात) नमुना जमा करा, त्याचा नंबर पेपरात द्या. आर्टेमिसिया वंशातलं दिसतंय म्हणून आर्टेमिसिया आफ्राच्या काढ्यात आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध गृहीत धरणारेही भेटतात, ते असतं आर्टेमिसिया अ‍ॅन्युआ या दुसऱ्या जातीमध्ये.

सॉल्व्हंटचं तर काय सांगायचं, वैद्य देतो पाण्यातला काढा आणि लॅबमध्ये चालतं हेक्झेन, डायक्लोरोमिथेन, म्हणजे पाण्याशी न जमणारे सॉल्व्हंट. करा की, नाही कोण म्हणतंय, पण मग 'पारंपरिक वापर सिद्ध झाला' असं लिहू नका. पाण्याचा अर्क सोबत हवाच. आणि तो रात्रभर टेबलावर ठेवू नका, त्यात जंतू वाढतात, त्यांचं एंडोटॉक्सिन (जंतूंच्या आवरणातलं विष) मागे राहतं आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर टाकलं की त्या खवळतात, की झालं, नवीन इम्युनिटी बूस्टर सापडला! काढल्या काढल्या गोठवून फ्रीझ ड्राय करा आणि एंडोटॉक्सिनची टेस्ट लावा.

सगळ्यात फसवणारी केस मला हायपॉक्सिसची वाटते, ज्याला तिकडे आफ्रिकन पोटॅटो म्हणतात. त्याच्या कंदात हायपॉक्सोसाइड असतं, ते पेशींवर थेट टाकलं तर फारसं काहीच करत नाही. माणसाच्या आतड्यात मात्र बीटा-ग्लुकोसिडेज एन्झाइम त्याची साखर तोडतं आणि रूपेरॉल तयार होतं, आणि खरी करामत त्याची. म्हणजे एन्झाइम न घालता टेस्ट केली तर चांगलं सॅम्पल निष्क्रिय म्हणून कचऱ्यात. उलटी बाजूही आहे, झाडातलं तुरट टॅनिन जवळपास सगळ्याच प्रोटीनला चिकटतं, आणि एन्झाइमही प्रोटीनच, त्यामुळे एन्झाइम बंद पाडायच्या टेस्टमध्ये टॅनिनवाला अर्क हमखास 'अ‍ॅक्टिव्ह' येतो, मग ते एन्झाइम एचआयव्हीचं असो का आणखी कशाचं. पीव्हीपी या टॅनिन पकडणाऱ्या पॉलिमरने टॅनिन काढा आणि परत बघा, बऱ्याचदा हवाच निघून जाते.

शेवटी टॉक्सिसिटी, जी बहुतेक जण घाईघाईत एमटीटी (जिवंत पेशी जांभळा करतात असा रंग) लावून उरकतात. अर्कातली अँटिऑक्सिडंट पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करतात, मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात, तेव्हा पेशी नसलेले वेल लावायला विसरू नका. आणि टॉक्सिसिटीचा आकडा वेगळ्या टेबलात लपवू नका. घानात मलेरियासाठी वापरतात त्या क्रिप्टोलेपिस सँग्विनोलेन्टामधलं क्रिप्टोलेपिन परजीवीला मारतं खरं, पण ते डीएनएमध्येही घुसतं, त्यामुळे आपल्या पेशींनाही सोडत नाही. पेशी मारायला लागणारी मात्रा भागिले परजीवी मारायला लागणारी, हा भागाकार 1 च्या आसपास येत असेल तर तो आकडा 'अँटिमलेरियल' या शब्दाच्या शेजारीच छापा.